आयफोनची ॲप्स अँड्रॉइडवर, अँड्रॉइडची आयफोनवर: चालवली तर कायदा काय म्हणतो?



वांद्र्याच्या बीकेसीत एक गंमत आहे. तिथल्या जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलमध्ये ॲपलचं भारतातलं पहिलं स्वतःचं स्टोअर आहे. १८ एप्रिल २०२३ ला खुद्द टिम कुक यांनी त्याचं दार उघडलं होतं. गुगलचं मुंबईतलं ऑफिसही बीकेसीतच. आणि ज्या यूपीआयने तुम्ही कटिंग चहाचे पैसे देता, ते यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्थासुद्धा तिथेच, वांद्रे पूर्वेला.

म्हणजे तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून फार तर एका रिक्षाच्या अंतरावर. पण तुमच्या खिशातल्या फोनमध्ये या मंडळींच्या मधे चांगली जाड भिंत आहे. अँड्रॉइडवर विकत घेतलेलं ॲप आयफोनवर जात नाही आणि आयफोनचं ॲप अँड्रॉइडवर उघडत नाही. फोन बदलला की जुन्या ॲपवर घातलेले पैसे तिकडेच राहतात.

मग साहजिकच प्रश्न पडतात. ही भिंत ओलांडता येते का? ओलांडली तर तो गुन्हा आहे का? यूट्यूबवर "आयफोनचे गेम अँड्रॉइडवर खेळा" असे व्हिडिओ दिसतात, ते बघून काही केलं तर पोलीस येतील का? चला, आज हे सगळं नीट समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढं वाचा:

- एका कंपनीच्या सिस्टीमचं ॲप दुसऱ्या कंपनीच्या फोनवर चालवणं हा भारतात आपोआप गुन्हा होत नाही.
- ॲपची प्रत तुमच्याकडे कशी आली आणि ते चालवताना तुम्ही कोणतं कुलूप तोडलं, यावर सगळं ठरतं.
- कायद्यात बसत असलं तरी कंपनी तुमचं अकाउंट बंद करू शकते. कायदा आणि कंपनीच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप अशा जुगाडावर कधीच चालवू नका. तिथे प्रश्न थेट तुमच्या पैशाचा आहे.

आता सविस्तर बघूया.

आधी हे कळायला हवं: ॲप दुसऱ्या फोनवर चालत का नाही?

अनेकांना वाटतं की आयफोनचा प्रोसेसर वेगळा असतो म्हणून ॲप चालत नाही. खरं तर आयफोन आणि आजचे जवळपास सगळे अँड्रॉइड फोन एआरएम याच पद्धतीच्या प्रोसेसरवर चालतात. अडचण प्रोसेसरच्या वरच्या मजल्यावर आहे.

कोणतंही ॲप एकट्याने काम करत नाही. कॅमेरा उघडायचा असो, फोटो सेव्ह करायचा असो की नोटिफिकेशन दाखवायचं असो, ॲप फोनच्या सिस्टीमला विनंती करतं. या विनंत्यांची जी ठरलेली नावं आणि पद्धत असते, तिला एपीआय म्हणतात. दोन कँटीनमध्ये चहा तोच मिळतो, पण एकीकडे कूपन लागतं आणि दुसरीकडे टोकन. तुमच्याकडे कूपन असेल तर टोकनवाल्या कँटीनमध्ये चहा मिळणार नाही. तसंच हे आहे.

त्यात आयफोनच्या ॲप स्टोअरवरून आलेल्या ॲपवर फेअरप्ले नावाचं डिजिटल कुलूप असतं. ते कुलूप ॲपलच्या डिव्हाइसवरच उघडतं. अँड्रॉइडच्या एपीके फाइलवर असं सरसकट कुलूप नसतं, पण अनेक ॲप्स स्वतःहून "हा फोन खरा आहे का" हे तपासतात.

ही भिंत ओलांडायचे मुख्य रस्ते तीन:

१. कंपनीनेच परवानगी देऊन. ब्लॅकबेरी आठवतोय का? तुमच्या दादा-ताईंच्या कॉलेजच्या दिवसांत त्याची भारी क्रेझ होती. ब्लॅकबेरी १० या सिस्टीममध्ये अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय कंपनीनेच दिली होती. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲप्सची सोय आणली आणि ५ मार्च २०२५ ला ती बंद केली. ॲपलने २०२० मध्ये एम१ चिपवाले मॅक आणले, तेव्हा त्यांवर आयफोनची ॲप्स चालू लागली.

२. अनुवादक थर. ॲप कूपन देतं आणि मधला प्रोग्राम ते टोकनमध्ये बदलून पुढे पाठवतो. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सायडर नावाचा असा प्रकल्प दाखवला होता. त्यात आयओएसची ॲप्स अँड्रॉइड टॅबलेटवर चालली होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही.

३. इम्युलेटर किंवा व्हर्च्युअल मशीन. यात अख्खा दुसरा फोनच सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा. डेव्हलपर मंडळी कॉम्प्युटरवर अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर वापरतात तो याच जातीतला.

पहिल्या रस्त्यावर कायद्याचा प्रश्न येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावर येतो.

चार कुलपं वेगळी ओळखा

"हे लीगल आहे का?" असं एका वाक्यात विचारलं की गोंधळ होतो, कारण हा एक प्रश्न नसून चार आहेत. प्रत्येक कुलूप वेगळं आणि ते तोडल्याचा परिणामही वेगळा.

पहिलं कुलूप: कॉपीराइट

आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्राम ही "साहित्यकृती" मानली जाते. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि मोबाइल ॲप एकाच रांगेत बसतात. परवानगीशिवाय कॉपी करणं आणि वाटणं हा भंग आहे.

पण याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत आणि त्या फार कमी लोकांना माहीत असतात. त्यातल्या चार प्रोग्रामसाठीच आहेत:

- ५२(१)(एए): प्रोग्राम कायदेशीरपणे तुमच्याकडे असेल, तर ज्या कामासाठी तो दिला गेला त्या कामासाठी, किंवा बॅकअप म्हणून, त्याची प्रत करता येते.
- ५२(१)(एबी): स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामबरोबर नीट चालावा यासाठी आवश्यक ती माहिती मिळवता येते. अट अशी की प्रोग्राम कायदेशीरपणे तुमच्याकडे असावा आणि ती माहिती सहज उपलब्ध नसावी.
- ५२(१)(एसी): प्रोग्राम कसा चालतो हे बघणं, अभ्यासणं आणि तपासणं, त्यामागची कल्पना समजून घेण्यासाठी.
- ५२(१)(एडी): कायदेशीरपणे मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून, व्यावसायिक नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत किंवा बदल करणं.

यातल्या शेवटच्या तीन सवलती १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यात आल्या. तेव्हा आजच्यासारख्या स्मार्टफोनचा पत्ताही नव्हता. तरी "एबी" हे कलम वाचलं तर अनुवादक थर बनवणाऱ्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. दुसऱ्याचा कोड उचलू नका, पण त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी तो कसा बोलतो हे समजून घ्या, असं कायदा सांगतो.

उलट बाजूही बघा. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना प्रोग्राम वापरला तर कलम ६३बी लागतं. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणून "मी तर फक्त वापरतो, बनवत नाही" ही सबब चालत नाही.

दुसरं कुलूप: डिजिटल कुलूप तोडणं

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५ए आलं. कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप, हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने तोडलं, तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

इथे "उद्देशाने" हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेचा कायदा यापेक्षा कडक आहे. तिथे कुलूप तोडणं हाच बऱ्याचदा स्वतंत्र भंग ठरतो, मग पुढे कॉपी केली असो वा नसो. आपल्याकडे उद्देश बघितला जातो आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी सूटही आहे.

पण सूट मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असं हेच कलम सांगतं. टेलिग्रामवर कुलूप काढलेल्या फाइल्स हजारो लोकांना वाटणारा माणूस अशी कोणती नोंद ठेवणार आहे? म्हणजे स्वतःपुरतं काही करून बघणं वेगळं आणि जगाला वाटणं वेगळं.

तिसरं कुलूप: करार

"आय ॲग्री" वर आपण डोळे मिटून टॅप करतो, तो करार असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए म्हणतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला, एवढ्याच कारणाने तो निरर्थक ठरत नाही.

ॲपलच्या प्रमाणित करारात ॲप वापरायची परवानगी तुमच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या ॲपल ब्रँडच्या डिव्हाइसपुरतीच मिळते. म्हणजे ४९९ रुपयांना "विकत" घेतलेलं ॲप खरं तर तुमचं झालंच नाही. तुम्हाला मिळाला तो वापराचा परवाना आणि त्यावर जागेची अट आहे.

हा करार मोडला तर काय? पोलीस दारात येत नाहीत, कारण हा मुळात दिवाणी मामला आहे. पण कंपनी परवाना काढून घेऊ शकते, अकाउंट बंद करू शकते. त्या अकाउंटमध्ये दहा वर्षांचे फोटो असतील तर तो फटका कैदेपेक्षा कमी वाटणार नाही.

युरोपमध्ये प्रोग्राम एकमेकांशी जुळवण्यासाठी दिलेली सवलत करारातून काढून घेता येत नाही, असा स्पष्ट नियम आहे. आपल्या कायद्यात असं स्पष्ट वाक्य लिहिलेलं नाही. त्यामुळे "कायदा परवानगी देतो, करार मनाई करतो" असा पेच पडला, तर वापरकर्त्याची बाजू इथे तितकी भक्कम राहत नाही.

चौथं कुलूप: सर्व्हर

बहुतेक ॲप्सचा अर्धा जीव कंपनीच्या सर्व्हरवर असतो. ॲप तुमच्या फोनवर चालू झालं तरी सर्व्हरने दार उघडलं नाही तर ते पुतळ्यासारखं उभं राहतं. यासाठी कंपनीला कोर्टात जावंच लागत नाही. त्यांनी एक अपडेट टाकलं की खेळ खल्लास!

गाजलेले खटले: कोण जिंकलं, कोण हरलं?

या विषयावरची मोठी भांडणं अमेरिकेत झाली. तिथले निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण वकील युक्तिवाद करताना त्यांचा दाखला देतात. म्हणून ते माहीत हवेत.

सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (२०००). कनेक्टिक्सने प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारा प्रोग्राम बनवला. तो बनवताना प्लेस्टेशनचा आतला कोड कॉपी करून अभ्यासला होता. विकलेल्या प्रोग्राममध्ये मात्र तो कोड नव्हता. कोर्टाने हा अभ्यास योग्य वापर मानला. पुढे काय झालं? सोनीने तो प्रोग्रामच विकत घेतला आणि त्याची विक्री थांबली. कोर्टात जिंकले, बाजारात संपले.

ॲपल विरुद्ध सायस्टार (२०११). सायस्टार ही कंपनी मॅकची सिस्टीम साध्या कॉम्प्युटरवर टाकून विकत होती. अपिलातही ॲपल जिंकलं. सिस्टीम ॲपलच्या मशीनवरच वापरायची ही अट कोर्टाने मान्य केली.

ओरॅकल विरुद्ध गुगल (२०२१). अँड्रॉइड बनवताना गुगलने जावाच्या एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या होत्या. दहा वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं. शेवटी ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी हा योग्य वापर ठरवला. म्हणजे आज जगभर चालणारं अँड्रॉइडच एका अर्थाने दुसऱ्याच्या "कूपन पद्धतीवर" उभं आहे.

ॲपल विरुद्ध कोरेलियम (२०१९ ते २०२३). आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा खटला हाच. कोरेलियमने आयओएस ही सिस्टीम आयफोनशिवाय, सर्व्हरवर व्हर्च्युअल रूपात चालवली. उद्देश होता सुरक्षेतल्या त्रुटी शोधणं. ॲपलने केस केली. २०२३ च्या मे महिन्यात अपील कोर्टाने आयओएसचा हा वापर योग्य ठरवला, मात्र आयकॉन आणि वॉलपेपरचे मुद्दे पुन्हा तपासायला खालच्या कोर्टाकडे पाठवले. डिसेंबर २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली.

निन्टेंडो विरुद्ध युझू (२०२४). युझू हा निन्टेंडो स्विचचे गेम कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर चालवणारा इम्युलेटर. गेमवरचं कुलूप उघडल्याशिवाय तो कामाचा नव्हता आणि निन्टेंडोने नेमकं तिथेच बोट ठेवलं. फेब्रुवारीत केस झाली, मार्चमध्ये युझूवाल्यांनी २४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि प्रकल्प बंद झाला.

बीपर मिनी (२०२३). हा कोर्टात गेलाच नाही, पण शिकवून गेला. ५ डिसेंबर २०२३ ला बीपर मिनी हे अँड्रॉइड ॲप आलं आणि त्यावर आयफोनचं आयमेसेज चालू लागलं. त्यामागचं मूळ तांत्रिक काम एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाने केलं होतं! तीनच दिवसांत ॲपलने आपल्या सर्व्हरचं दार बंद केलं. पुढे बीपरने अनेक उपाय केले, पण ते टिकले नाहीत.

या सगळ्यातून एक नमुना दिसतो. समजून घेऊन स्वतः बनवणारे बहुतेक वेळा जिंकले. दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी उचलणारे किंवा कुलूप तोडणारे अडचणीत आले. आणि सर्व्हर दुसऱ्याचा असेल, तर जिंकूनही उपयोग नाही.

भारतात कंपन्यांच्या भिंतीवर काय चाललंय?

आतापर्यंत आपण विचारलं की वापरकर्त्याला काय करता येतं. उलटा प्रश्नही आहे: कंपनीला एवढी उंच भिंत बांधता येते का? हा कॉपीराइटचा विषय नाही, स्पर्धा कायद्याचा आहे.

अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. अपाचे परवान्याखाली तो कुणीही घेऊन स्वतःचा फोन बनवू शकतो. पण प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब ही गुगलची ॲप्स त्यात येत नाहीत. ती हवी असतील तर फोन कंपन्यांना गुगलशी करार करावा लागतो आणि त्या करारांत अँड्रॉइडचे वेगळे अवतार बनवण्यावर बंधनं होती.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला याच प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या पेमेंट नियमांवरून आणखी ९३६.४४ कोटींचा दंड आला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये पहिला दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या चार सूचना रद्द केल्या. बाहेरून ॲप टाकण्यावर गुगलने निर्बंध घालू नयेत, ही सूचना त्यातलीच एक. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये कमी होऊन २१६.६९ कोटींवर आला. दोन्ही प्रकरणं पुढे सुप्रीम कोर्टात पोहोचली.

युरोपमध्ये डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे ॲपलला मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी ॲप स्टोअर्स येऊ द्यावी लागली. ही सोय युरोपीय संघातल्या आयफोनसाठी आहे. बीकेसीच्या स्टोअरमधून घेतलेल्या आणि मुंबईत वापरल्या जाणाऱ्या फोनला ती मिळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करूया. दुसरं स्टोअर आलं म्हणजे आयफोनवर एपीके चालेल असं नाही. त्या स्टोअरवरही आयफोनसाठी बनवलेलीच ॲप्स मिळतात. स्टोअर बदललं तरी कूपन-टोकनची अडचण तिथेच राहते.

यूपीआय आणि बँकेची ॲप्स: इथे मस्ती नको

यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू करताना ते तुमच्या सिममधून आपोआप एक एसएमएस पाठवतं, आठवतंय? त्याने तुमचा नंबर आणि तो विशिष्ट फोन एकमेकांना बांधले जातात. इम्युलेटरमध्ये सिम नसतं. शिवाय फोन खरा आहे का, सिस्टीममध्ये छेडछाड झाली आहे का, हेही बँकांची ॲप्स तपासतात. म्हणून ती अशा जागी उघडतच नाहीत.

मग काही लोक ही तपासणी चुकवणारी "बदललेली" ॲप्स शोधतात. तिथेच खरा धोका आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. छेडछाड केलेलं बँक ॲप स्वतःच्या हाताने टाकलं, तर बँक नेमकं कशाकडे बोट दाखवेल हे सांगायला वकील लागणार नाही.

रोजच्या गोष्टी: काय चालतं, काय अंगाशी येतं?

१. कॉम्प्युटरवर अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर. बिनधास्त वापरा. गुगलनेच दिलाय.

२. लिनक्सवर वेड्रॉइड टाकून खुल्या परवान्याची ॲप्स चालवणं. चालतं. खुल्या परवान्यात "अमुकच डिव्हाइसवर" अशी अट नसते.

३. आयफोनवर जुन्या गेमचा इम्युलेटर. एप्रिल २०२४ मध्ये ॲपलने नियम बदलले आणि डेल्टासारखे इम्युलेटर ॲप स्टोअरवर आले. इम्युलेटर कायदेशीर आहे. पण इंटरनेटवरून फुकट उतरवलेली गेम फाइल कायदेशीर होत नाही. प्लेअर घेतला म्हणून चोरीची सीडी पवित्र होत नाही, तसंच.

४. मॅकवर आयफोनची ॲप्स. ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर स्टोअरवरून घ्या. ज्यांनी दिली नव्हती त्यांची ॲप्सही लोक आडमार्गाने टाकत होते. जानेवारी २०२१ मध्ये ॲपलने तो मार्ग बंद केला.

५. पैसे भरायची ॲप्स "क्रॅक" करून चालवणं. सरळ भंग. कलम ६३बी आठवा.

६. कुलूप काढलेल्या फाइल्स चॅनलवर टाकणं किंवा विकणं. सगळ्यात धोक्याचं काम. कलम ६३ आणि ६५ए दोन्ही लागू शकतात. पैसे घेतले असतील तर सवलतीची आशा आणखी कमी.

७. कॉलेज प्रोजेक्ट म्हणून अनुवादक थर बनवणं. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण शिस्त पाळा. मूळ कोडची एकही ओळ चिकटवू नका. मोठ्या टीम यासाठी दोन गट करतात: एक गट मूळ प्रोग्राम अभ्यासून तो काय करतो हे शब्दांत लिहितो, दुसरा गट मूळ कोड न बघता, फक्त ते वर्णन वाचून नवा कोड लिहितो. रोजच्या नोंदी तारखेसह ठेवा. उद्या कुणी विचारलं तर "हे आम्ही स्वतः लिहिलं" हे दाखवता यायला हवं. आणि नावात किंवा आयकॉनमध्ये ॲपल-गुगलचा लोगो वापरू नका, तो ट्रेडमार्कचा वेगळाच ताप आहे.

"आयओएस इम्युलेटर एपीके" पासून सावध!

सर्च केलं की "एका क्लिकमध्ये अँड्रॉइडवर आयफोन ॲप्स" असं सांगणाऱ्या ढीगभर फाइल्स सापडतात. आता तुम्हाला माहीत आहे की फेअरप्लेचं कुलूप आहे आणि विद्यापीठातल्या संशोधकांनाही यासाठी मोठा प्रकल्प करावा लागला. जुन्या आयफोनचे सुरुवातीच्या काळातले गेम चालवणारा टचएचएलई नावाचा खुला प्रकल्प आहे, पण तो आजची ॲप्स चालवत नाही आणि तसा दावाही करत नाही. मग ८ एमबीच्या फाइलमध्ये हा चमत्कार कसा मावेल?

अशा फाइल्स बहुतेक वेळा नुसता आयफोनसारखा दिसणारा लाँचर असतात, नाहीतर त्याहून वाईट. एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली की तिथेच थांबा. ओटीपी वाचायला एवढी परवानगी पुरते. चुकून टाकलं आणि पैसे गेले, तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. वेळ जितका कमी जाईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयफोन जेलब्रेक करणं भारतात गुन्हा आहे का?
कलम ६५ए उद्देश बघतं. चोरीची ॲप्स चालवण्यासाठी केलं तर अडचण आहे. नुसतं शिकण्यासाठी केलं तर गुन्ह्याचा मुद्दा कमकुवत होतो, पण ॲपलचा करार मोडतोच आणि सर्व्हिस नाकारली जाऊ शकते.

अँड्रॉइडवर घेतलेलं पेड ॲप आयफोनवर फुकट मिळायला हवं ना?
कायद्याने तसा हक्क मिळत नाही. पण अनेक सेवांचं सबस्क्रिप्शन अकाउंटला जोडलेलं असतं, फोनला नाही. फोन बदलणार असाल तर पैसे भरताना ॲपच्या स्वतःच्या वेबसाइटवर अकाउंट बनवता येतं का ते आधी बघा.

मित्राच्या नावावरचं ॲप मी इम्युलेटरवर वापरलं तर?
कलम ५२ मधल्या या सवलती मुख्यतः प्रत कायदेशीरपणे ताब्यात असणाऱ्यासाठी आहेत. प्रत मित्राची असेल तर त्या तुमच्या कामाला येतील असं धरून चालू नका.

मग मी काय करू?
फोन घेण्याआधी यादी करा: कोणती ॲप्स लागतात, कोणती दोन्हीकडे मिळतात, कशावर पैसे घातलेत. जुना फोन विकायची घाई करू नका. ज्या एकदोन ॲप्ससाठी जीव अडकलाय, ती घरच्या वायफायवर जुन्याच फोनवर चालवा. यात कोणतंच कुलूप तुटत नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "अरे हे इल्लीगल आहे" किंवा "काही होत नाही रे, टाक", तर त्याला दोनच प्रश्न विचारा: प्रत कुठून आणलीस? आणि कोणतं कुलूप तोडलंस? या दोन उत्तरांवर बरंच काही ठरतं. एखाद्या खऱ्या प्रकरणात अडकला असाल तर मात्र लेखावर विसंबू नका, वकिलाचा सल्ला घ्या.

माहिती उपयोगी वाटली तर फोन बदलायच्या विचारात असलेल्या मित्र-मैत्रिणींना नक्की पाठवा!